गाडीतला स्टिरिओ: कंपनीचा की बाहेरून बसवलेला?



नवी गाडी घ्यायची म्हटलं की रंग, मायलेज आणि हप्ता यांवर घरातले सगळे बोलतात. स्टिरिओचा विषय मात्र आपण बायका मुलांवर सोडून देतो. "ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून मोकळ्या होतो. या वेळी मी तसं केलं नाही, कारण आमच्या गाडीत सगळ्यात जास्त ऐकणारी व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. नजर इतकी मंदावली आहे की मोठ्या अक्षरातली पूजेची पोथीही आता वाचता येत नाही. स्वाध्याय म्हणजे ऐकणं, एवढंच उरलंय. घरी मोबाइल कानाजवळ धरून त्या ऐकतात. पण दर महिन्याला कुंभोजच्या बाहुबलीला जाताना आणि वर्षातून एकदा कुंथलगिरीला जाताना त्यांना गाडीत ऐकायचं असतं. त्यांचं सगळ्यात आवडतं म्हणजे आचार्य शांतिसागर महाराजांचा शेवटचा उपदेश. महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, त्या दिवसांत त्यांनी मराठीत केलेला हा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. आवाज जुना, त्यात खरखर, आणि महाराजांचं शरीर उपवासांनी थकलेलं. सासूबाई तेव्हा लहान मुलगी होत्या. तो आवाज लागला की त्या हात जोडून बसतात.

जुन्या गाडीत शेवटच्या वर्षी त्या म्हणायला लागल्या होत्या, "ऐकू येतंय गं, पण काय म्हणतायत ते कळत न्हाई." मग हे आवाज वाढवायचे. आवाज मोठा व्हायचा, पण शब्द काही कळायचे नाहीत. शेवटी त्याच म्हणायच्या, "बंद कर, उगीच कशाला." आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला ते फार लागायचं.

म्हणून नवी गाडी घेताना घरात तीन मतं पडली. मुलाचं म्हणणं, सगळ्यात खालचं मॉडेल घ्यावं, ज्यात स्टिरिओच येत नाही, आणि वाचलेल्या पैशांत बाहेरून स्क्रीन, चार दारांचे स्पीकर, अँप्लिफायर आणि मागे डिकीत सबवूफर बसवावा. ह्यांचं म्हणणं, कंपनीचं जे येईल तेच ठेवावं, वायरीला हात लावायचा नाही, वॉरंटी जाईल. माझं म्हणणं एकच होतं: आईंना शब्द कळले पाहिजेत.

मुलाला मी लगेच गप्प केलं नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. खालच्या आणि मधल्या मॉडेलमध्ये कंपनी जे स्पीकर देते ते बहुतेक साधे, कागदी पडद्याचे आणि छोट्या मॅग्नेटचे असतात. त्याच किमतीत बाहेर त्याहून चांगले मिळतात. त्याने मला आणखी एक उपयोगी गोष्ट शिकवली. खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, तो आकडा क्षणभर निघणाऱ्या जास्तीत जास्त ताकदीचा. खरी, सतत मिळणारी ताकद आरएमएस या नावाने बारीक अक्षरात लिहिलेली असते आणि स्क्रीनच्या आत बसवलेल्या अँप्लिफायरची ती साधारण वीस वॉटच्या आसपासच असते. दुकानात गेलात तर आरएमएस विचारा. दुकानदार तुमच्याशी जरा जपून बोलायला लागतो.

पण ह्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. आताच्या गाड्यांत स्क्रीन म्हणजे नुसता रेडिओ नसतो. मागचा कॅमेरा त्यावरच दिसतो, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली असतात, काही गाड्यांत एसीच्या सेटिंगही तिथेच असतात. तो स्क्रीन काढून दुसरा बसवला की यातलं काय चालेल आणि काय बंद पडेल हे आधी विचारावं लागतं. आणि बाहेरच्या माणसाने मूळ वायर कापून जोडली तर पुढे त्या वायरिंगमध्ये बिघाड झाल्यावर कंपनी हात वर करू शकते.

याच दरम्यान सासूबाईंची कानाची तपासणी झाली. तपासणाऱ्या ताईंनी मला आलेख दाखवून समजावलं. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. जाड आवाज टिकून राहतात. बोलण्यातले अ, आ, ओ हे स्वर जाड पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं बारीक पट्टीत, ती हरवतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. सासूबाई अगदी तेच सांगत होत्या.

ते ऐकलं आणि स्टिरिओचा प्रश्न माझ्यापुरता बदलला. सबवूफर जाड आवाज वाढवतो. धावत्या गाडीत टायरची आणि इंजिनाची घरघर आधीच जाड पट्टीतली असते, तिच्यात आणखी भर पडली की होती नव्हती ती व्यंजनंही बुडणार. आम्ही नुसता आवाज वाढवत होतो तेव्हाही घरघरीबरोबर बासच जास्त वाढत होता. सासूबाईंना मोठा आवाज नको होता, स्वच्छ आवाज हवा होता.

म्हणून गाडी बघायला जाताना मी महाराजांचा तो उपदेश मोबाइलमध्ये घेऊन गेले आणि सासूबाईंनाही सोबत नेलं. शोरूममधल्या मुलाने नेहमीप्रमाणे ढोलाचं एक गाणं लावलं. मी म्हटलं, "बाळा, आम्ही हे ऐकत नाही. हे लाव." तो जरा गोंधळला, पण लावलं.

मधल्या मॉडेलमध्ये कंपनीचा स्टिरिओ होता. उभ्या गाडीत आवाज चांगला वाटला. उभ्या गाडीत सगळेच चांगले वाटतात, हे लक्षात ठेवा. म्हणून आम्ही कोल्हापूर रस्त्याने अंकलीच्या पुलापर्यंत गेलो. गाडी साठच्या पुढे गेली आणि सासूबाईंनी मान हलवली. कळत नाही.

मग मुलाने, त्याचं खरंच कौतुक, सेटिंग उघडली. बास अगदी कमी केला. मधली पट्टी आणि ट्रेबल वाढवले. फेडर पुढे आणि बॅलन्स डावीकडे सरकवला, कारण सासूबाई पुढे डावीकडेच बसतात. एसीचा पंखा दोनवर आणला. त्या मॉडेलमध्ये काचेच्या बाजूच्या खांबावर छोटे ट्वीटर होते, तेही कामाला आले. दारातला स्पीकर असतो गुडघ्याच्या खाली. जाड आवाज कुठूनही सगळीकडे पसरतो, पण बारीक आवाज समोर सरळ जातो. तो पायाशी निघाला तर पायालाच ऐकू येणार! ट्वीटर कानाच्या उंचीजवळ असले की व्यंजनं कानापर्यंत पोहोचतात. म्हणून गाडी बघताना तिथे खरंच ट्वीटर आहे की नुसती जाळी, तेवढं विचारून घ्या. काही मॉडेलमध्ये जाळी दिसते आणि आत काहीच नसतं.

परत येताना सासूबाई काही बोलल्या नाहीत. शोरूमच्या दारात गाडी थांबली तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. उपदेश संपेपर्यंत आम्ही कोणी उतरलो नाही. तो शोरूममधला मुलगासुद्धा.

तर आम्ही मधलं मॉडेल घेतलं, कंपनीच्याच स्टिरिओसकट. दोन मॉडेलच्या किमतीत ऐंशी हजारांच्या आसपास फरक होता, पण त्यात मागचा वायपर, मागच्या काचांची बटणं आणि कॅमेराही आला. मुलाने बाहेरून बसवायच्या सगळ्या सामानाचा हिशेब काढला होता, तो साठ हजारांच्या पुढे जात होता आणि अर्धी डिकी सबवूफरने भरत होती. यात्रेला जाताना सोवळ्याच्या कपड्यांची पेटी, गाळलेल्या पाण्याचा कॅन आणि स्वयंपाकाची भांडी ठेवायची कुठे?

मुलगा थोडा नाराज झाला. त्याला मी उपदेश केला नाही. दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय आपण ऐकतो. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो. त्यात अनर्थदंड व्रताचे अतिचार सांगितले आहेत आणि त्यातला शेवटचा आहे उपभोग-परिभोग-आनर्थक्य, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उपभोगाची साधनं गोळा करणं. गाडी घेणं, स्टिरिओ असणं याला कोणी पाप म्हणत नाही. आपण गृहस्थ आहोत, मुनिमहाराजांसारखे पायी विहार करत नाही. प्रश्न एवढाच, की हे कशासाठी? ज्याचं उत्तर देता येतं ती गरज. मुलाला मी हाच प्रश्न विचारला. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मित्रांना ऐकवायला." आणि स्वतःच हसला. गाडीच्या बाहेर जो आवाज ऐकू जातो तो आतल्या कोणासाठीच नसतो.

पण बाहेरून बसवणं वाईट, असा याचा अर्थ घेऊ नका. माझ्या नणंदेची गाडी दहा वर्षांची आहे. तिचा कंपनीचा स्टिरिओ बंद पडला. वॉरंटी केव्हाच संपलेली, कॅमेरा नाही, स्टिअरिंगवर बटणं नाहीत. तिथे बाहेरूनच बसवणं शहाणपणाचं होतं. चांगल्या नावाचा सात इंची स्क्रीन आणि फक्त पुढच्या दारांचे दोन स्पीकर तिने बसवले. मागचे जुनेच ठेवले. वीस-बावीस हजारांत काम झालं आणि तिचा फोनवरचा नकाशाही आता स्क्रीनवर दिसतो.

तुमच्यापैकी कोणी बाहेरून बसवणार असेल तर चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली, वायर कापू देऊ नका. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. तो मूळ प्लगमध्ये बसतो, आणि उद्या काढायचा झाला तर गाडी होती तशी होते.

दुसरी, अँप्लिफायर लावणार असाल तर त्याची वायर थेट बॅटरीपासून येते. त्या वायरीवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तो फ्यूजच आग टाळतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं बूच आहे का, तेही बघा.

तिसरी, वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी घ्या. डीलरकडेच कंपनीमान्य स्टिरिओ बसवून मिळतो. तो थोडा महाग पडतो, पण बिल आणि जबाबदारी एकाच ठिकाणी राहते.

चौथी, स्पीकर बदलण्याआधी सेटिंग बदलून बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि दार थरथरत असेल तर नवा स्पीकरही थरथरेलच. आधी दाराच्या आतून डँपिंगची शीट लावून घ्या.

आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांनी आधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या, मग स्टिरिओचं ठरवा. ती माणसं तक्रार करत नाहीत. "बंद कर" म्हणतात आणि गप्प बसतात. आपल्याला वाटतं, त्यांना आता ऐकण्यात रस उरला नाही.

गेल्या महिन्यात बाहुबलीला जाताना हातकणंगल्याच्या अलीकडे सासूबाईंनी मला थांबवलं. म्हणाल्या, "जरा मागं घे. महाराजांनी आत्ता काय सांगितलं, ते तुम्ही बोलत होता म्हणून राहिलं." आम्ही दोघं गप्प बसलो आणि मी उपदेश मागे घेतला.

जय जिनेंद्र.