झोपलेलं कलम

घरामागच्या गडग्याला लागून हापूसचं एक जुनं कलम आहे. बाबांनी लावलेलं. आमच्या कातळावर झाड लावायचं म्हणजे सुरुंगानं खड्डा मारायचा, खालच्या शेतातली माती डोक्यावरून आणून त्यात भरायची आणि पुढची चार-पाच वर्षं उन्हाळाभर घागरीनं पाणी घालायचं. एवढं करून जगवलेलं झाड एका वर्षी आंब्यांनी वाकायचं आणि दुसऱ्या वर्षी नुसती तांबूस पालवी घेऊन गप्प उभं राहायचं.

मी तेव्हा शाळकरी पोर. विचारायचो, "बाबा, ह्याला मोहोर का नाय?"

बाबा म्हणायचे, "झाड झोपलाय औंदा. झोपू दे."

हापूसची ही जातच वर्षाआड धरणारी. फळात ताकद गेली की पुढचं वर्ष ते झाड पालवीत घालवतं, ती जून होऊ देतं, आणि मग पुन्हा धरतं. बाबांना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण खाली वर्ष आलं म्हणून झाडावर रागावलेले मी त्यांना कधी बघितले नाहीत. आंबा नसला तर भात होतं, नाचणी होती, चार फणस होते.

बाग माझ्या हातात आली आणि माझं गणित बदललं. 1990 नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेनं कोकणात कलमांचे डोंगरच्या डोंगर उभे राहिले. आंबा हा धंदा झाला. मार्चातल्या पेटीचा भाव आणि मे महिन्यातल्या पेटीचा भाव यांत फार फरक, म्हणून जो तो आगाप आंब्याच्या मागे. त्यासाठी मुळाशी घालायचं औषध आलं. पॅक्लोब्युट्राझोल त्याचं नाव. ते झाडाची वाढ आवरतं. पालवी थांबते, मोहोर लवकर येतो आणि दरसाल येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं त्याची रीत घालून दिली आहे. 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला तीन मिली. आणि औषध घालायचं तर खतही वाढवायचं, कारण झाड जास्त राबणार असतं. मी पहिला भाग ऐकला. दुसरा सोयीनं विसरलो.

पुढं मोबाइल आला आणि मीही त्या झाडासारखाच दरसाल, बारा महिने धरायला लागलो. आंबा बागायतदारांच्या पाच-सहा ग्रुपांवर मी होतो. पहाटे वाशीचा भाव, सकाळी हवामान, दुपारी कोणी कुठलं औषध मारलं त्याचा फोटो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोराच्या सहा फवारण्या. ग्रुपवर कोणी आठवी मारली की मी नववीची तयारी करायचो. तुडतुडे आहेत की नाहीत हे झाडाखाली जाऊन बघायचं सोडून मी पडद्यावर बघत होतो. जेवताना हात ताटात आणि डोळे मोबाइलवर. बायको म्हणायची, "तुमी जेवताव काय त्या डबड्याला भरवताव?"

एका जानेवारीत फवारणीसाठी दोनशे लिटरच्या पिंपात औषध कालवत होतो. फोन वाजला. कोणाचा तरी मोहोर कसा आलाय, तेच ते बोलणं. बोलता बोलता मी तेच औषध पिंपात दुसऱ्यांदा ओतलं. गडी म्हणाला, "दादा, मगाशी टाकलंत ना?" मी त्याच्यावरच ओरडलो. चार दिवसांत बावीस झाडांचा मोहोर करपला. औषधाचा दोष नव्हता, गड्याचा नव्हता. हात माझा होता आणि मन पिंपाजवळ नव्हतं.

त्या रात्री दोन वाजता मी ओटीवर बसलो होतो. हातात मोबाइलच. बायको उठून आली. म्हणाली, "झाडाक झोप नाय, तुमाला झोप नाय. जायचा कुठं हाय एवढ्या घाईत?"

मला उत्तर आलं नाही.

त्याच महिन्यात मागच्या कलमाचे शेंडे वाळताना दिसले. मोहोरही आखूड, एकमेकांत दाटलेला, मुठीसारखा. कृषी खात्यातला एक तरुण अधिकारी बघायला आला. त्यानं विचारलं, "औषध किती घालता?" म्हटलं, "अंदाजानं." "आणि शेणखत?" मी गप्प. तो म्हणाला, "काका, हे झाड दमलंय." माझा रक्तदाब तालुक्याच्या डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वीच सांगितला होता. दमलंय हा शब्द मात्र त्यांनी वापरला नव्हता.

पावसाळ्यात मी निम्म्या कलमांचं औषध थांबवलं. वाळलेल्या फांद्या काढल्या, कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावली, बुंध्याभोवती चर मारून शेणखत आणि पालापाचोळा घातला. ग्रुपांतून बाहेर पडलो. फोन माजघरातल्या फळीवर ठेवायचा आणि दिवसातून दोनदाच बघायचा असं ठरवलं. पहिले काही दिवस हात उगाच खिशाकडं जायचा. मग हळूहळू पुन्हा झाडाखाली उभं राहायला शिकलो. पान उलटून बघायचं, मोहोरावर हात आपटून तुडतुडे उडतात का ते बघायचं. गरज दिसली तरच पंप काढायचा.

याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी आंबा निम्म्याहून कमी झाला. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला. मुंबईहून मुलगा म्हणाला, "बाबा, झाडांना सुट्टी देताय, पण बँक सुट्टी देते का?" तो खोटं बोलत नव्हता. म्हणून ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि घरात लग्नाची मुलगी आहे, त्याला मी 'सावकाश घे' असं सांगायला जात नाही. माझी उरलेली निम्मी बाग अजून औषधावर आहे, पण मोजून आणि खत घालून.

पेट्या कमी झाल्या तशी मी पुन्हा अढी लावायला लागलो. घळानं देठासकट काढलेला, चौदा आणे तयार आंबा लगेच सावलीत आणायचा. जमिनीवर भाताचा पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. मग रोज सकाळी एकेक फळ हातात घेऊन बघायचं. तयार झालेलं वेगळं, डाग पडलेलं बाजूला. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. पण बंदी नसती तरी त्यात अढीचा वास आणता आला नसता. आठ-दहा दिवस थांबावंच लागतं. या कामात घाई केली तर फळ बोटांनीच बिघडतं. बायको समोर बसून आंबे निवडते आणि आम्ही बोलतो. मधली किती वर्षं आम्ही फक्त हिशोब बोललो होतो, ते तेव्हा कळलं.

मागच्या कलमानं तिसऱ्या वर्षी चांगला आंबा दिला. पूर्वीसारखा नाही, एका बाजूच्या फांद्या गेल्या त्या गेल्याच. यंदा त्याला मोहोर नाही. डिसेंबरात मुलाचा फोन आला. "कलमांना काय आलंय?"

"मागच्याला पालवी," मी म्हटलं. "झोपलंय यंदा."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "बरं. आणि हप्त्याचं काय करायचं?"

तेही विचारायलाच हवं होतं. मी वही काढली आणि दोघांनी फोनवर हिशोब मांडला. तासभर लागला. तेवढ्या वेळात मी दुसरं काही बघितलं नाही.