हिरव्या पुडीतली वीज

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मॅडम म्हणाल्या, ‘पॉलिॲनिलिन बनव आणि त्याची वाहकता मोज,’ तेव्हा नेमकं काय बनवायचंय तेच उमगेना.

कृती वाचायला सोपी. डिस्टिल केलेलं, रंगहीन ॲनिलिन पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, बीकर बर्फात ठेवायचा आणि अमोनियम परसल्फेटचं द्रावण हळूहळू सोडायचं. सोडलं. बीकरमध्ये काहीच घडेना. गारठ्यात ही अभिक्रिया सुरुवातीला बराच वेळ गप्प असते, हे मला कुठे ठाऊक! मग एकदम निळसर छटा आली, ती गडद झाली, पृष्ठभागावर तांब्यासारखी झळाळी चढली आणि शेवटी सगळं गर्द हिरवं. तो साका गाळून, धुऊन, वाळवून त्याची दाबून गोळी केली, मल्टिमीटर लावला. वीज खरंच जात होती!

खरी गंमत पुढे. तीच पूड अमोनियाच्या पाण्यात टाकली की निळी पडते आणि वीज जवळपास बंद. पॉलिॲनिलिनच्या रेणूंची साखळी तीच, तुटलेलं काही नाही. गेलं ते फक्त आम्ल. पुन्हा आम्लात टाका, पुन्हा हिरवी. आम्ल साखळीतल्या नायट्रोजनला प्रोटॉन देतं, म्हणून साखळीवर धनभार फिरू शकतात. हे समजायला मला फार वेळ लागला.

मग प्रश्न ही वाहकता टिकण्याचा. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी आयोडीनची जोड देऊन पॉलिॲसिटिलीन या दुसऱ्या पॉलिमरची वाहकता लाखो पटींनी वाढवली. 2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण पॉलिॲसिटिलीन हवेत खराब होतं. पॉलिॲनिलिन हवेत टिकतं. मात्र तापवलं की त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल उडायला लागतं आणि वाहकता उतरते. म्हणून मॅडमनी कॅम्फर सल्फोनिक आम्ल हाती दिलं. उघडा ठेवलेला कापूर उडून जातो, पण त्याच कापरापासून केलेलं हे आम्ल साखळीला धरून राहतं. याचं मला अजूनही नवल वाटतं.

या वाटेला नव्यानं येणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. ॲनिलिन विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात भिनतं, हातमोज्यांशिवाय बाटलीला हात लावू नका. आणि पहिल्या दिवशीचा वाहकतेचा आकडा लिहून वही मिटू नका. तीच गोळी तापवून, महिन्याभरानं पुन्हा मोजा.