षड्ज जागचा हलत नाही

नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबादची टेकडी आहे. मेहेरबाबांची समाधी तिथेच. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. या न बोलणाऱ्या माणसाला जिम रीव्ह्ज या अमेरिकन कंट्री गायकाचे एक गाणे फार आवडायचे, ‘देअर्ज अ हार्टेक फॉलोइंग मी’. ‘द हू’ या इंग्लिश बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. बाबांच्या आवडीखातर त्याने ते गाणे स्वतः गाऊन १९७२ च्या आपल्या तबकडीत घातले. म्हणून नगरच्या माणसाला कंट्री संगीताचे काय कौतुक, असे कुणी विचारले की मला नवल वाटते. ते तर आमच्या वेशीपाशीच आलेले होते.

मी या संगीताकडे आलो तो त्याच वाटेने. अडकलो मात्र दुसऱ्याच गाण्यापाशी. बक ओवेन्सचे ‘टुगेदर अगेन’, साल १९६४. गाण्याच्या मध्यात टॉम ब्रमलीचे पेडल स्टील गिटार वाजते. लहानसाच तुकडा आहे. तयारी दाखवायची घाई त्यात कुठेही नाही, पण ऐकताना घसा दाटून येतो. तो तुकडा सध्या मी बसवतो आहे.

वाद्य दिसायला गिटारसारखे नाहीच. चार पायांवर उभे, पुढ्यात आडवे, त्यावर दहा तारा. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डावे पाऊल पेडलांवर, उजवे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघ्यांना लागून लोखंडी दांडे. बसल्या जागी अख्खे अंग कामाला लागते.

याचे मूळ हवाई बेटांवरचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या मुलाने गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलाद फिरवले, असे मानतात. ती हवाईयन गिटार फिरत्या कलावंतांबरोबर आपल्याकडे आली आणि रुजली. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी रेडिओवर ऐकत एक पिढी मोठी झाली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांची गिटार आहे. अमेरिकेत मात्र या वाद्याला पेडले लागली. वेब पिअर्सच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबले आणि झणकारणारा सूर सरकत वर गेला. मग प्रत्येक स्टीलवाल्याला तेच हवेसे झाले.

सूर सरकणे आपल्याला नवे नाही. मींड आपल्या कानात मुरलेली आहे. पण इथली गोष्ट निराळी आहे, आणि ती मला पेडल दाबल्यावरच कळली. तीन तारा एकदम छेडायच्या: षड्ज, गंधार, पंचम. त्या वाजत असताना डाव्या पावलाने दोन पेडले एकत्र दाबायची. गंधार चढून शुद्ध मध्यम होतो, पंचम चढून शुद्ध धैवत होतो. षड्ज मात्र आहे तिथेच उभा. दोघे त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या घरी जातात आणि पेडल सोडले की परत येतात. एकट्या सुराची मींड कितीही आर्त असो, तिच्यात हा वियोग नाही, कारण तिथे मागे राहणारा कुणी नसतो.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे बुवा एकदा दारात थांबून हे ऐकत होते. मग आत येऊन म्हणाले, “मास्तर, ह्यानं मध्यमाचा सा केला की हो!” अगदी खरे. भजनात बुवा एखादा अभंग मध्यमाला सा धरून गातात, तेव्हा पेटीवाल्यालाही क्षणभर सावरून बसावे लागते. इथे ते पावलाच्या एका दाबात होते.

पेडल दाबणे सोपे आहे; किती सावकाश दाबायचे हे अवघड आहे. ब्रमलीचा तुकडा निम्म्या वेगाने लावून ऐकला तर पंचमाचा धैवत होताना मधला सगळा प्रवास ऐकू येतो. तार छेडताना उजवे पाऊल मागे असते. नाद विरू लागला की ते हळूहळू खाली जाते, म्हणून सूर मरत नाही, उलट उमलत जातो. आणि नको तो सूर करंगळीकडच्या तळव्याने वेळेवर मिटवायचा. सगळ्यात जास्त रियाज मिटवण्याचाच लागतो.

‘टुगेदर अगेन’ आले त्या काळात नॅशव्हिलचे निर्माते कंट्रीतले फिडल आणि स्टील बाजूला सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आणत होते. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डने ते मानले नाही. ते गाव कुणाचे? १९३० च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सासात दुष्काळ पडला, धुळीची वादळे उठली, शेते गेली. तिथून पश्चिमेला कापूस वेचायला, फळे तोडायला आलेल्या माणसांचे. बक ओवेन्सचे कुटुंबही १९३७ मध्ये टेक्सास सोडून ॲरिझोनात आले. बक पुढे बेकर्सफील्डला गेला. पाथर्डी-शेवगावकडे मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात, घरी म्हातारी माणसे राहतात. हे पाहत वाढलेल्या माणसाला बेकर्सफील्डचे स्टील समजावून सांगावे लागत नाही. ‘टुगेदर अगेन’चे शब्द पुन्हा भेटल्याचे आहेत, आनंदाचे. स्टील मात्र भेटीआधीचे सगळे दिवस सांगते. माझ्या मते ब्रमलीची थोरवी यातच आहे.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत वडिलांची, काकांची हवाईयन गिटार कपाटावर पडून असेल. ती खाली काढा, तारा बदला, कांडी शोधा. पेडल नसले म्हणून काही बिघडत नाही. पेडले येण्याआधी वादक कांडी तिरकी धरून एक सूर पुढे आणि एक मागे ठेवतच होते. सुरुवातीला याच गाण्याचा तुकडा घ्या, आणि हात लावण्याआधी त्यातला न हलणारा सूर कोणता, तेवढे नीट ऐका.