क्षेत्र, वास्तू आणि मर्यादा

व्यापारी घराला पैसा स्वस्थ बसलेला पाहवत नाही. आमच्या नरखेड तालुक्यात संत्र्याचा हंगाम आटोपला, की हाती आलेली रक्कम कोठे गुंतवावी हा विषय पेढीपेढीवर निघतो. आणि अलीकडे त्याचे उत्तर बहुधा एकच असते, नागपूरच्या बाजूला एखादा प्लॉट अथवा फ्लॅट. गतवर्षी माझ्या धाकट्या भावाने नागपूरबाहेरील एका लेआउटमधील दोन प्लॉट घेण्याचा विचार घरात मांडला. रक्कम सामाईक होती आणि तीत पुतणीच्या शिक्षणासाठी राखलेला पैसाही होता. म्हणून भाव किती चढेल एवढ्याच काट्यावर हा सौदा तोलणे मला योग्य वाटले नाही.

प्रथम कागद पाहिले. सातबारावर कोणाचे नाव आहे, फेरफार कसे झाले, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची तर नाही, रेखांकन मंजूर आहे काय, तीस वर्षांच्या शोधात बोजा अथवा वाद निघतो काय, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार 500 चौरस मीटरहून मोठ्या लेआउटची नोंदणी आवश्यक आहे. आणि अशा प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. आमच्यापुढील गृहस्थ मात्र साध्या बाँडवर निम्मी रक्कम मागत होते.

कागदानंतर भूमी. याच तालुक्यातील मोवाडचे स्मरण ठेवावे. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने त्या गावात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. नदी-नाल्याकाठच्या जागेचे खरेदीखत कितीही निर्दोष असले, तरी पाणी ते वाचत नाही. म्हणून जागा ऐन पावसाळ्यात पाहावी आणि शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला विचारावे, की मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते.

तिसरा हिशेब उत्पन्नाचा. प्लॉट भाडे देत नाही. उलट अतिक्रमण होऊ नये म्हणून राखण मागतो. फ्लॅटचे उदाहरण घेऊ. किंमत 30 लाख, मासिक भाडे 8,000, म्हणजे वर्षाचे 96,000. एक महिना घर रिकामे राहिले आणि कर, सोसायटीची वर्गणी, दुरुस्ती यांत 18,000 गेले, तर हाती 70,000 उरतात. हे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास झाले. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा दोन लाखांच्या घरातील खर्च याहून निराळा. बँकेतील ठेवीची बरोबरी साधायची, तर उरलेली सारी भिस्त भाव वाढण्यावर राहते, आणि भाव आपल्या हातात नसतो.

भाऊ म्हणाला, “दादा, हंगामाला पैसा कमी पडला तर एक प्लॉट विकून टाकू.” मी म्हणालो, “आपल्याला गरज पडेल त्याच आठवड्यात गिऱ्हाईक उभे राहील, असे कोण सांगेल? धान्याच्या पोत्यासारखी जागा अर्धी काढून विकता येत नाही.”

शेवटची अडचण मला सर्वांत मोठी वाटली. खरेदीखतात किंमत कमी दाखवावी आणि उरलेली रोख द्यावी, अशी सूचना होती. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रोख स्वीकारणाऱ्यावर तेवढाच दंड बसू शकतो, हा कायद्याचा भाग झाला. आपल्याकडे खोटा लेख करणे हा सत्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. त्याला ‘कूटलेखक्रिया’ असे नावच आहे. पुढे वाद झाला, तर न लिहिलेला पैसा कोणत्या तोंडाने परत मागावा?

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना आरंभीच क्षेत्र आणि वास्तू येतात, सोने-चांदी त्यानंतर. गृहस्थाने घर-जमीन घेऊच नये, असे त्यात नाही. प्रमाण आधी ठरवावे आणि ते ओलांडू नये, एवढेच आहे. मला यात उत्तम व्यवहारही दिसतो. वर्षभराचा घरखर्च, पेढीचे खेळते भांडवल आणि मुलांचे शिक्षण बाजूला काढून जे उरेल, आणि दहा वर्षे अडकून पडले तरी ज्यावाचून घर थांबणार नाही, तेवढेच जागेत घालावे. हे माप सौदा समोर येण्यापूर्वी ठरलेले असावे. नकाशा पाहिल्यावर ठरवलेले माप नकाशाएवढेच निघते.

आम्ही नोंदणीकृत करार आणि पूर्ण रक्कम धनादेशाने, अशा दोन अटी कळविल्या. त्या मान्य झाल्या नाहीत आणि सौदा तेथेच थांबला. त्या भागातील भाव पुढे चढले, हे भाऊ अधूनमधून मला ऐकवतो, आणि ते खरेही आहे. यंदा जूनमध्ये पुतणीचे महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची वेळ आली, तेव्हा पैसा ठेवला होता तेथेच होता. कोणाकडे शब्द टाकावा लागला नाही.