सुरूवरचे बांडगूळ

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये नदीकाठाने सुरूची उंच झाडे लागतात. कोकणकिनाऱ्यावरच्या सुरूचीच ही भावकी. त्यांच्यावरचे बांडगूळ चटकन दिसत नाही. आंब्यावरचे आपण रुंद पानांवरून ओळखतो. याची पाने सुरूच्या काड्यांसारखीच बारीक, लोंबती. तेव्हा हात लावून पाहावे. सुरूची काडी ओढली की पेरापेराला सुटते. बांडगुळाच्या पानाला पेर नसते; ते गोल, जोडीजोडीने येते. फुले लाल. चिकट बी पसरवतो फुलटोच्याच्या कुळातला पक्षी, आपल्याकडच्यासारखाच! एखाददुसरे बांडगूळ झाड सोसते. फार माजले तर दुष्काळात फांदी वाळते. तोडायचेच तर ओळखून तोडावे, नाहीतर काठाची माती धरणाऱ्या सुरूवरच कोयता चालायचा.