आकाशातलं अर्थिंग

आमच्या ताईचा मुलगा अमेरिकेत विमान बांधतोय, असं मी बँकेत सांगितलं, तेव्हा हेडकॅशियरनं विचारलं, "कुठल्या कारखान्यात?" म्हटलं, "घरच्या गॅरेजमध्ये." त्यानंतर आठवडाभर माझ्या बेरजा ते दोनदा तपासत होते.

पण गोष्ट खरी होती. तिथे लोक हौसेनं विमानं बांधतात. पॉल पोबरेझ्नी नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली मिलवॉकीत अशा हौशी मंडळींची संघटनाच काढली. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी केलेलं असलं, की सरकार 'प्रायोगिक' म्हणून विमानाला परवानगी देतं. (इकडे गॅलरीला ग्रिल बसवायला मला तीन अर्ज लागले.)

गेल्या वर्षी मी गेलो, तेव्हा विमान छोट्या विमानतळावरच्या शेडमध्ये हलवलं होतं.

"मामा, सगळं झालंय. फक्त ग्राउंडचा घोळ आहे."

"उडायचंय ना तुला? मग ग्राउंड कशाला?"

हे अर्थिंग आपल्या घरच्यासारखं नसतं. खड्डा खणून मीठ-कोळसा घालायची सोय विमानात नाही. बॅटरीतून निघालेली वीज रेडिओ, दिवे, इंटरकॉम असं फिरून बॅटरीतच परत यायला हवी. त्या परतीच्या वाटेला ग्राउंड म्हणायचं. म्हणजे नावे लिहिलं, की कुठेतरी जमा आलंच! हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी कॉमर्सला गेलोच नसतो.

घोळ असा, की इंजिन सुरू झालं की हेडफोनमध्ये डास गुणगुणायचा. वेग वाढवला, की सूर चढायचा. तो अल्टरनेटरचा आवाज. विमानाचा अॅल्युमिनियमचा पत्राच वीज वाहून नेतो. त्यामुळे त्यावरच्या दोन जागांत व्होल्टचा किंचित फरक राहतो. माइकची परतीची वाट दोन ठिकाणी जोडली गेली, की तो फरक कानात गायला लागतो. एकच गोष्ट मी आईला एक आणि बायकोला एक सांगितली, की आमच्या घरी होतं तसंच. म्हणून सगळ्यांच्या परतीच्या तारा एकाच पितळी पट्टीवर आणायच्या, आणि तारेवरचं जाळीचं वेष्टण एकाच टोकाला जोडायचं.

"ते सगळं केलंय रे," भाचा म्हणाला. चेहरा उतरला होता. टॉवरचा शब्द चुकीचा ऐकू आला तर काय, हे आम्ही दोघंही बोललो नाही. ताईचा मात्र रोज रात्री फोन. "तू आहेस ना तिथे? जरा बघ रे."

मी काय बघणार? स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा, इथपासून माझी तयारी! पण त्याच्याकडे तारांची यादी होती. यादी म्हटल्यावर मी लाल पेन्सिल मागितली. तो एकेक तार धरायचा, मी टिक करायचो. रात्री अकराला माइकच्या सॉकेटपाशी अडलो. त्याची तार पट्टीवर गेलेली, बरोबर. पण सॉकेटचा धातूचा गळाही पॅनेलच्या पत्र्याला टेकलेला!

"एका व्हाउचरच्या दोन नोंदी!" मी ओरडलो.

मधे बसवायच्या फायबरच्या चकत्या पुडीतच राहिल्या होत्या.

सकाळी इंजिन धडधडलं. हेडफोन लावून मी कान टवकारले. डास गेला होता. ताईला फोनवर एवढंच म्हटलं, "टॅली झालं."

"मामा, आता तुलाच घेऊन उडणार!" भाच्यानं मला मिठी मारली. मग त्याला आठवलं, "पण चाचणीचे पहिले ४० तास उतारू न्यायला बंदी आहे."

"नियम म्हणजे नियम," मी गंभीरपणे म्हटलं, आणि परतीच्या तिकिटाची तारीख मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजली.