तोल

मराठींत ‘तोल’ हा शब्द देहासही लागतो व मनासही, याचें आम्हांस पूर्वीं कधीं नवल वाटलें नव्हतें. एके दिवशीं पहांटे कुशीवर वळलों आणि खोलीचें छत गरगर फिरूं लागलें. पलंगाची कड घट्ट धरून निजून राहिलों. अर्ध्या मिनिटांत तें चक्र थांबलें, पण पुन्हां कूस बदलण्याचा धीर होईना.

कानाच्या डॉक्टरांस निदानाला फार वेळ लागला नाहीं. अंतःकर्णांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शेजारच्या पिशवींतील चुन्याचे सूक्ष्म कण सुटून त्यांपैकीं एकींत शिरले, कीं मान वळतांच जग फिरतें. अमेरिकेंतील डॉ. एप्ले यांनीं शोधलेली युक्ति त्यांनीं योजिली : डोकें एका बाजूस वळवून मागें लोंबतें ठेवावयाचें, मग दुसऱ्या बाजूस, मग सर्व अंगच कुशीवर, आणि शेवटीं उठून बसावयाचें. पांच मिनिटांत कण स्वस्थानीं गेले. भीति मात्र गेली नाहीं.

छत्रपति संभाजीनगरांत जन्म काढलेले, गुलमंडीच्या गर्दींत बिनदिक्कत शिरणारे आम्ही, क्रांति चौक ओलांडतांना आधाराला भिंत शोधूं लागलों. मोकळ्या जागेंत पाय कापसावर पडल्यासारखे वाटत. दौलताबादचा बेत दोनदां मोडला. किल्ल्याच्या त्या ‘अंधारी’ नांवाच्या भुयारी वाटेंत डोळ्यांचाही आधार सुटावयाचा, आणि कानावरचा विश्वास उडालेल्यास डोळे हीच काय ती काठी! मोडलेला पाय प्लॅस्टरांत सर्वांस दिसतो. आमचें दुखणें कोणास दिसणार? “मनाचे खेळ आहेत सारे,” असें एका वडीलधाऱ्या आप्तांनीं सुनावलें. त्या दिवसापासून आम्ही तक्रार करणें सोडलें, व हळूहळू माणसांत जाणेंही.

गंमत अशी, कीं हा वाद जुनाच आहे. १८७० सालीं व्हिएन्नाच्या बेनेडिक्ट या डॉक्टरांनीं चौक ओलांडतांना होणाऱ्या या अवस्थेस ‘चौकांतील भोंवळ’ अशा अर्थाचें नांव दिलें. लगेच बर्लिनच्या वेस्टफाल यांनीं ती भोंवळ नव्हे, भीति होय, असें प्रतिपादन केलें. आमच्या मतें दोघेही अर्धेच बरोबर होते. कानाकडून तोलाची खबर मेंदूच्या ज्या केंद्रांत पोंचते, त्यांचे धागे भीति व मळमळ उपजविणाऱ्या केंद्रांशीं जोडलेले आहेत. तोलाच्या संशोधनासाठीं १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या बारानी यांच्या नांवाची एक संस्था आहे. मूळ विकार ओसरला तरी तीन महिने वा अधिक रेंगाळणाऱ्या अस्थिरतेचीं लक्षणें तिच्या तज्ज्ञांनीं २०१७ सालीं निश्चित केलीं, व तिला निव्वळ मनोविकार मानण्याचें नाकारलें. हें वाचून आम्हांस प्रथमच बरें वाटलें.

“मान जपूं नका, चालतां चालतां ती डावी-उजवीकडे वळवा,” असें डॉक्टरांनीं बजावलें, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही धाडलें. त्या दाराशीं आम्ही ओशाळलों, हें कबूल केलें पाहिजे. हल्लीं सायंकाळीं पुतण्याबरोबर क्रांति चौकापर्यंत जातों. प्रथम त्याचा हात धरीत असूं, पुढें नुसती बाही. परवां तो वर्तमानपत्रें चाळीत मागें रेंगाळला. मान वळवून पाहतों तों तो पलीकडे, आणि आम्ही अलीकडच्या कडेस एकटेच उभे!